आधी दरबार फुटला, मग जुन्नर

प्रांत फुटले की देशात यादवी माजते, हा समज आपल्याकडे सिद्धान्तासारखा वापरला जातो. वेगळ्या विदर्भाचा विषय निघो, ईशान्येतले एखादे राज्य दिल्लीला चार शब्द सुनावो, हे वाक्य पुढे येते आणि चर्चा तिथेच आटोपते. वेगळे राज्य मागणे आणि देशातून फुटून निघणे यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे, हेही मग कोणी ध्यानात घेत नाही. माझे म्हणणे असे आहे की या सिद्धान्तात घटनांचा क्रमच उलटा लावला आहे. ते दाखवायला युगोस्लाव्हियापर्यंत जायची गरज नाही. पुणे-नाशिक रस्त्यालगतचा चाकण ते जुन्नर हा टापू त्याला पुरेसा आहे.

प्रतिपक्षाचे म्हणणे आधी पूर्ण मांडतो, कारण त्यात तथ्य आहे. बहमनी राज्य सुमारे दीडशे वर्षे दख्खनवर टिकले. 1490 मध्ये जुन्नरचा सुभेदार मलिक अहमद याने बिदरच्या सुलतानाचा अंमल झुगारला आणि तो अहमद निजामशहा झाला. सुलतानाचे नाव खुतब्यातून गाळा, असे त्याने विजापूरच्या युसुफ आदिलखानाला आणि वऱ्हाडच्या इमादुल्मुल्काला सुचवले आणि तेही त्याच वाटेने गेले. पुढे गोवळकोंडा गेले, बिदर बरीदशाहीच्या हाती राहिले. एकाची पाच राज्ये झाली आणि ती शंभर वर्षे आपसात लढली. सोलापूर, परांडा, पाथरी ही नावे त्या लढायांत पुन्हापुन्हा येतात. तेव्हा प्रतिपक्ष म्हणतो, बघा, जुन्नर फुटले आणि दख्खन पेटली.

जुन्नर फुटण्याआधी दख्खन शांत होती असे गृहीत धरले तरच हे खरे. ती शांत नव्हती.

मंचर सोडून पुण्याकडे निघाले की राजगुरुनगरच्या पुढे चाकण लागते. आज तिथे गाड्यांचे कारखाने आहेत आणि वस्तीच्या मधोमध भुईकोटाचा उरलेला भाग आहे. फिरंगोजी नरसाळ्याने 1660 मध्ये शाइस्ताखानाविरुद्ध हा कोट लढवला, ते सर्वांना पाठ असते. त्याआधी दोनशे वर्षे याच कोटात जे घडले ते फारसे कोणी सांगत नाही. 1450 च्या आसपास बहमनींची एक फौज सह्याद्री उतरून कोकणात गेली आणि तिथल्या जंगलात कापली गेली. वाचलेले लोक, त्यांत अरबस्तान-इराणकडून आलेले सय्यद आणि सरदार बरेच, चाकणच्या कोटात येऊन राहिले. बिदरच्या दरबारात तेव्हा दोन तट होते: इथे पिढ्यान्‌पिढ्या रुजलेले दख्खनी आणि बाहेरून आलेले आफाकी. दख्खनी सरदारांनी सुलतानाला कळवले की चाकणचे लोक बंडावर उठले आहेत, कोकणच्या राजांशी संधान बांधत आहेत. सुलतानाने शहानिशा न करता हुकूम दिला. कोटाला वेढा पडला. कोट पडत नाही असे दिसल्यावर अभयाचे वचन दिले गेले, माणसे बाहेर आली, मेजवानीला बसली आणि तिथेच त्यांची कत्तल झाली. इतिहासकार फेरिश्त्याने हे सविस्तर लिहिले आहे. तो स्वतः बाहेरून आलेला, त्यामुळे त्याचा कल त्यांच्याकडे आहे, हे सोडून दिले तरी मूळ घटना उरतेच.

यात कोण फुटले होते? कोणीच नाही. कोटातले लोक मदतीची वाट पाहत होते. त्यांच्यावर फुटीरपणाचा आळ घातला गेला आणि तो आळच त्यांच्या जिवावर उठला. यादवी होती ती दरबारात, एका तटाने दुसऱ्याला संपवण्याची, आणि राजसत्ता त्या तटाची तलवार झाली होती. जुन्नर स्वतंत्र व्हायला अजून चाळीस वर्षे होती.

यावर प्रतिपक्षाचा दुसरा मुद्दा ठरलेला: मध्यवर्ती सत्ता खंबीर नव्हती, ती खंबीर असती तर प्रांत आवरले असते. हा प्रयोगही झालेला आहे. वजीर महमूद गावानाने चार मोठे तरफ, म्हणजे प्रांत, तोडून आठ केले. जुन्नर हा वेगळा सुभा त्यातूनच, दौलताबादच्या तरफातून काढलेला. सुभेदाराच्या हाती एकच किल्ला ठेवायचा, बाकीच्या किल्ल्यांचे किल्लेदार थेट बिदरहून नेमायचे, असा त्याने कायदा केला. प्रांतांवर लगाम घालण्याची याहून पक्की व्यवस्था त्या काळात झाली नसेल. पण लगाम ज्या हातात असायचा तो हातच विषारी झाला होता. 1481 मध्ये बनावट पत्राच्या आधारे गावानाला सुलतानासमोर मारले गेले. त्या कटात पुढाकार होता मलिक हसन बहरीचा, म्हणजे जुन्नरच्या मलिक अहमदच्या बापाचा. पाच वर्षांत हसनवर तीच पाळी आली आणि बिदरमध्ये त्याचा गळा आवळला गेला. 1487 मध्ये सुलतान महमूदशहावर राजवाड्यातच हल्ला झाला. त्याचा सूड म्हणून राजधानीत तीन दिवस दख्खनी आणि हबशी कापले गेले. सुलतान जिवंत राहिला, राज्य मात्र कासिम बरीदच्या मुठीत गेले.

आता शिवनेरीकडे पाहू. मलिक अहमद सुभेदार म्हणून आला तेव्हा गडावरच्या मराठे किल्लेदारांनी गड द्यायला नकार दिला: राजा लहान आहे, तो कर्ता होईपर्यंत गड कोणाच्या हवाली करणार नाही. हा नकार मला फार मोलाचा वाटतो. राज्य मोडत होते तेव्हा निष्ठा शिल्लक होती, ती प्रांतातल्या गडावर होती, राजधानीत नव्हे. अहमदने वेढा घातला, पुष्कळ दिवसांनी गड पडला आणि महाराष्ट्राचा पाच वर्षांचा साठवलेला वसूल त्याच्या हाती लागला, असे फेरिश्ता सांगतो. पाच वर्षांचा वसूल गडावर पडून होता, त्याचा हिशेब मागणारे धड सरकार बिदरला नव्हते. त्या पैशावर फौज उभी राहिली, चावंड, जीवधन, लोहगड, कोंढाणा असे किल्ले एकामागून एक आले. नाणेघाटाच्या तोंडाशी जीवधन, त्यामागे चावंड. म्हणजे कोकणची वाट आणि तिची जकात हातात. बापाच्या मृत्यूची बातमी येईपर्यंत तो बिदरचा सुभेदारच होता. ती आल्यावर बिदरला परत जाणे म्हणजे गळा पुढे करणे होते. त्याच्यावर फौजा आल्या त्या त्याने मोडल्या. 28 मे 1490 रोजी शेवटची मोठी फौज त्याने बुडवली आणि पुढे त्याच जागेपाशी अहमदनगर, आजचे अहिल्यानगर, वसवले.

चाकण, गावान, हसन, बिदरची कत्तल आणि मग जुन्नर. हा क्रम आहे. फुटणे हे या साखळीतले शेवटचे कडे आहे. शेवटच्या कड्याला पहिले म्हणून दाखवणे म्हणजे आधीच्या चार कड्यांतल्या अपराध्यांना मोकळे सोडणे.

हा क्रम जुन्नरपुरता नाही. डिसेंबर 1970 मध्ये पूर्व पाकिस्तानच्या अवामी लीगने अख्ख्या देशात बहुमत मिळवले. संसदेची बैठक पुढे ढकलली गेली, 25 मार्च 1971 च्या रात्री लष्कर ढाक्यात उतरले, आणि स्वातंत्र्याची घोषणा त्यानंतर झाली. उलट बाजूला नॉर्वे 1905 मध्ये स्वीडनपासून आणि स्लोव्हाकिया 1993 मध्ये चेकांपासून वेगळे झाले, रक्ताचा थेंब न सांडता. अमेरिकेचे उदाहरण माझ्या विरुद्ध काढले जाईल. तिथे दक्षिणेची राज्ये आधी फुटली आणि युद्ध नंतर झाले. पण गुलामगिरीच्या प्रश्नावर कॅन्ससमध्ये माणसे 1850 च्या दशकातच मरत होती. शिवाय तिथे फुटणाऱ्यांची बाजू अन्यायाची होती, हे मी निःशंकपणे म्हणतो. फुटणारा नेहमी न्याय्य असतो असा माझा दावाच नाही.

म्हणूनच दुसऱ्या टोकाच्या मंडळींचेही खंडन करायला हवे. वेगळे झालो की सुटलो, असे त्यांना वाटते. मलिक अहमद बिदरच्या फासातून सुटला, पण बिदरचा रोग अंगावर घेऊनच सुटला. 1595 मध्ये नगरच्या गादीसाठी एकाच वेळी चार तट उभे राहिले आणि त्यांतल्या मियाँ मंजूने अकबराच्या मुलाला, मुरादला, मदतीला बोलावले. चांदबिबीने त्या वेळी नगर राखले. 1600 मध्ये तिला स्वकीयांनीच मारले. जुलै 1629 मध्ये लखुजी जाधवराव मुलांसह दौलताबादला निजामशहाच्या भर दरबारात कापले गेले. गावानाच्या वधाला तेव्हा दीडशे वर्षे होत आली होती, कृत्य तेच होते. सातेक महिन्यांनी लखुजींच्या मुलीच्या पोटी शिवनेरीवर शिवराय जन्मले. गडावर जाणारा प्रत्येक जण त्या खोलीपाशी हात जोडतो, ते योग्यच आहे. पण कोणत्या राज्याच्या मरणकळांत हा जन्म झाला तेही तिथे सांगितले पाहिजे. 1636 च्या माहुलीच्या तहात शहाजीराजांना जुन्नर आणि भोवतालचे किल्ले सोडावे लागले आणि निजामशाही संपली. तिला कोणा फुटलेल्या प्रांताने मारले नव्हते.

मग राज्य टिकते कशाने? प्रांताच्या माणसाला राजधानीत निर्धास्त जाता-येता आले आणि त्याचे गाऱ्हाणे द्रोह न ठरता ऐकले गेले तर टिकते. स्वतंत्र भारताने हे दोनदा-तीनदा करून दाखवले आहे. 1948 मध्ये दार आयोगाने भाषिक प्रांतांची धास्ती घेतली होती. आंध्रासाठी पोट्टी श्रीरामुलूंचे प्राण गेले, इथे संयुक्त महाराष्ट्रासाठी शंभरावर माणसे गोळीबारात गेली, तेव्हा कुठे राज्ये झाली. झाल्यावर देश फुटला नाही. मराठी आणि गुजराती माणूस एकमेकांच्या गावात दुकान थाटून आहे. अण्णादुराईंनी 1962 मध्ये राज्यसभेत स्वतंत्र द्रविडनाडूची मागणी उघड मांडली. पुढच्या वर्षी त्यांच्या पक्षाने ती सोडली आणि 1967 मध्ये तो मद्रासमध्ये सत्तेवर आला. मिझोराममध्ये आपण आधी बिदरचा मार्ग धरला होता. 1959 च्या दुष्काळात लोकांची दाद लागली नाही, 1966 मध्ये बंड झाले, ऐजॉलवर आपल्याच विमानांनी बाँब टाकले. वीस वर्षांनी, 1986 मध्ये, करार झाला आणि बंडाचा नेता लालडेंगा मुख्यमंत्री झाला. त्याला दिल्लीला बोलावून गळा आवळला असता तर काय झाले असते, ते हसनचे 1486 सांगते.

जुन्नर-आंबेगावलाही याचा रोजचा अनुभव आहे. कुकडी प्रकल्पाची पाच धरणे या दोन तालुक्यांत: माणिकडोह, येडगाव, वडज, पिंपळगाव जोगे आणि आंबेगावातले डिंभे. पाणी जाते पारनेर, श्रीगोंदा, कर्जत, करमाळ्यापर्यंत. दर उन्हाळ्यात आवर्तनावरून जुन्नर आणि नगर समोरासमोर येतात. डिंभे-माणिकडोह बोगद्याला आंबेगावकरांचा कडवा विरोध आहे. मोर्चे निघतात, कालव्यावर पहारे बसतात, कालवा सल्लागार समितीच्या बैठकीत आवाज चढतात. पण बोगद्याला विरोध करणाऱ्या शेतकऱ्याला कोणी फुटीर म्हणत नाही. धरणासाठी आंबेगाव हे मूळ गाव पाण्याखाली गेले असताना त्याला तसे म्हणण्याची कोणाची छातीही व्हायची नाही. ज्याचे गाव बुडाले आणि ज्याचे शेत टेलला कोरडे आहे, दोघेही त्या बैठकीला येतात, भांडतात आणि पुढच्या आवर्तनाच्या वेळी पुन्हा येतात. बेळगावच्या मराठी माणसाला आणि नागपूरच्या विदर्भवाद्याला हीच वागणूक मिळाली पाहिजे, एवढीच माझी मागणी आहे.