मशीनमध्ये हात गेला

सरकारी रुग्णालयाच्या अपघात विभागात केसपेपरवर एक वाक्य ठरलेले असते : ‘मशीनमध्ये हात गेल्याने जखम’. सोबत आलेला ठेकेदार त्यात आपली भर घालतो. ‘लक्ष नव्हते त्याचे, बोलत होता कुणाशी तरी.’ जखमी सुतारही मान खाली घालून ते कबूल करतो. बोट गेले ते गेलेच, वर चूकही त्याचीच ठरते. मशीनला गार्ड होते का, हा प्रश्न मात्र सहसा कुणी विचारत नाही.

लाकूडकामातल्या अपघातांचे सगळे खापर ‘लक्ष नसण्या’वर फोडणे सोयीचे आहे, पण ते खरे नाही. दिवसातून शंभर वेळा फळी पात्यासमोरून पुढे ढकलणाऱ्या माणसाचे लक्ष एकदा तरी विचलित होणारच. माणसाचा मेंदू तसाच घडलेला आहे. सवयीचे काम तो अर्धवट झोपेत केल्यासारखे करतो, आणि म्हणूनच तर हात कामाला बसतो. ज्या व्यवस्थेत एका क्षणाच्या दुर्लक्षाची किंमत एक बोट असते, ती व्यवस्थाच सदोष म्हटली पाहिजे.

ही व्यवस्था कुठे आहे? सुतारकामाचे यंत्र म्हटले की लोकांना वखार किंवा सॉ मिल आठवते. तिथले धोके आहेतच. पण शहरांत आज बरेचसे लाकूडकाम चालते ते नव्या फ्लॅटच्या हॉलमध्ये. राजस्थान, उत्तर प्रदेश, बिहारमधून आलेले चार मिस्त्री दोन-तीन महिने तिथेच राहतात, तिथेच स्वयंपाक करतात आणि तिथेच वॉर्डरोब व किचनचे कप्पे कापतात. त्यांचे मुख्य यंत्र कुठल्याही कंपनीने त्या कामासाठी बनवलेले नसते. फरशी आणि संगमरवर कापण्याचा चार इंची कटर घ्यायचा, त्याला दात असलेले लाकडाचे पाते लावायचे, जाड प्लायवूडला एक फट पाडायची आणि कटर खालून उलटा आवळून टाकायचा. मूळचे झाकण आड येते म्हणून ते काढायचे. हाताने दाबून ठेवायचे बटण चिकटपट्टीने कायमचे दाबून टाकायचे. झाले टेबल तयार. यंत्र सुरू करायचे आणि बंद करायचे ते भिंतीवरच्या प्लगवरून, म्हणजे हात अडकला तर दुसऱ्या कुणीतरी धावत जाऊन.

या जुगाडाचे कौतुक करणारे कमी नाहीत. त्यात हुशारी आहे, हेही नाकारायचे कारण नाही. पण त्या हुशारीचा हिशेब करून पाहिला तर अंगावर काटा येतो. असा कटर मिनिटाला १२ ते १३ हजार फेरे घेतो. पात्याचा व्यास ११० मिलिमीटर धरला तर त्याच्या कडेवरचा दात ताशी सुमारे २७० किलोमीटर वेगाने धावत असतो. बोटाला काही लागले हे कळून हात मागे घ्यायला माणसाला साधारण एक पंचमांश सेकंद लागतो. तेवढ्यात पाते ४३ वेळा फिरलेले असते. पात्याला ३० दात असतील तर सुमारे १३०० दात त्या जागेवरून गेलेले असतात. ‘हात चटकन मागे घ्यायचा’ हा सल्ला त्यामुळे निरर्थक आहे.

त्यातही बरेच अपघात बोट सरळ पात्यावर ठेवल्याने होत नाहीत. ते होतात फळी उलट फेकली गेल्याने. हे समजून घेण्यासारखे आहे, कारण वर्षानुवर्षे काम करणाऱ्या मिस्त्रींनाही त्यामागचे कारण कुणी सांगितलेले नसते. टेबलावरच्या गोल करवतीचे पुढचे दात खाली जाताना लाकूड कापतात. तेच दात मागच्या बाजूने पुन्हा वर येतात. फळी सरळ गेली तर मागचे दात कापलेल्या फटीतून मोकळेच वर येतात. पण फळी जरा तिरकी झाली, किंवा लाकूड ओले असून कापताना फट मिटत आली, की ते मागचे दात लाकडाला पकडतात, फळी उचलतात आणि थेट मिस्त्रीच्या दिशेने भिरकावतात. पुढे ढकलण्यासाठी हाताने जोर लावलेला असतो. फळी अचानक नाहीशी होते आणि तोच जोर हाताला पात्यावर नेतो. पलीकडच्या बाजूने फळी ओढायला उभ्या केलेल्या पोऱ्याचे याहून वाईट होते. फळी उलट गेली की तिच्यासोबत त्याचे हात पात्याकडे ओढले जातात.

फेकली गेलेली फळी पोटावर बसली तर आणखी एक धोका असतो. कातडीवर साधा ओरखडा दिसतो, पण आत यकृत, प्लीहा किंवा आतडे फाटलेले असू शकते. अशा माणसाने ‘मुका मार आहे’ म्हणून घरी झोपून राहू नये. पोट दुखत राहिले, घाम सुटला, चक्कर आली, तर त्याला लगेच रुग्णालयात न्यावे.

यावरचा उपाय जुना आणि साधा आहे. पात्याच्या मागे, त्याच रेषेत, एक पातळ पोलादी पट्टी उभी असली की कापलेली फट मिटत नाही आणि फळीला मागच्या दातांवर चढता येत नाही. कंपनीच्या टेबल करवतीबरोबर ही पट्टी येते. उलट्या कटरला ती लावलेली नसते. पात्यावर पारदर्शक गार्ड असावे. अरुंद तुकडा बोटांनी न ढकलता खाच पाडलेल्या लाकडी काठीने ढकलावा, आणि ही काठी कुठलाही सुतार टाकाऊ प्लायमधून दहा मिनिटांत बनवू शकतो. पात्याच्या रेषेत उभे न राहता थोडे बाजूला उभे राहावे. स्विच हाताच्या किंवा गुडघ्याच्या अंतरावर असावा. वीज जाऊन परत आली की यंत्र आपोआप सुरू होणार नाही अशा प्रकारचा स्विच मिळतो, तो लावावा. वीज कधी जाईल आणि कधी येईल याचा भरवसा नसलेल्या भागात तर तो आधी हवा. वीज गेली म्हणून पात्यातली अडकलेली ढलपी काढायला बसलेल्या माणसाच्या हाताशी पाते फिरू लागते, ते चिकटपट्टीने दाबलेल्या त्या बटणामुळे.

हातमोज्यांबद्दल मोठा गैरसमज आहे. सुरक्षेच्या नावाखाली मिस्त्रीला हातमोजे देणारे भले घरमालक असतात. फिरत्या पात्याजवळ हातमोजा घालू नये. पाते त्याचा धागा पकडते आणि एरवी टोकावर जखम झाली असती तिथे अख्खा हात आत खेचला जातो. हेच अंगठी, कडे, मनगटावरचा गंडा, गळ्यातला गमछा आणि सैल बाहीला लागू आहे. ग्राइंडरला लाकडाचे दातेरी पाते लावण्याचा प्रकार तर सरळ बंद व्हायला हवा. लाकडात अडकले की ते यंत्र हातातून उसळते आणि मांडी, मान, चेहरा यांपैकी जे समोर असेल ते कापते.

मग हे सगळे होत का नाही? कामाचा भाव चौरस फुटावर ठरतो आणि गार्ड लावले की कामाचा वेग कमी होतो, हे त्याचे खरे उत्तर आहे. घरमालकाला गृहप्रवेशाचा मुहूर्त गाठायचा असतो, ठेकेदाराला पुढची साइट धरायची असते. कायदाही या हॉलपर्यंत पोहोचत नाही. यंत्राच्या धोकादायक भागाभोवती मजबूत कुंपण हवे, असे १९४८ च्या कारखाना कायद्याचे २१ वे कलम सांगत होते. पण वीज वापरणाऱ्या ठिकाणी १० कामगार असतील तर तो कारखाना, अशी त्या कायद्याची व्याख्या होती आणि २०२० च्या संहितेने ही संख्या २० वर नेली. चार मिस्त्री आणि एक पोऱ्या कुठल्याच व्याख्येत बसत नाहीत. जिथे यंत्र जास्त धोकादायक तिथे कायदा नाही, हा उफराटा न्याय बदलायचा तर कामगार मोजण्याऐवजी यंत्र मोजावे लागेल. झाकण काढून उलटे वापरता येणारे कटर आणि त्यांना बसणारी दातेरी पाती खुलेआम विकली जातात, तिथेही नियम करता येईल.

तंत्रज्ञान कुठवर जाऊ शकते याचे एक उदाहरण आहे. स्टीफन गॅस या अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञाने १९९९ मध्ये अशी करवत सुचवली, की जिच्या पात्याला बोट लागताच शरीराच्या विद्युत गुणधर्मांवरून ते ओळखले जाते आणि अॅल्युमिनियमचा एक ठोकळा दातांत घुसून पाते सुमारे पाच मिलिसेकंदांत थांबते. बोट तुटण्याऐवजी किरकोळ चरा पडतो. हे यंत्र महाग आहे आणि आपल्याकडच्या मिस्त्रीच्या आवाक्याबाहेरचे आहे. त्याची वाट पाहण्याची गरजही नाही. पोलादी पट्टी, गार्ड आणि काठी यांना फारसा पैसा लागत नाही.

बोटाची किंमत काय, याचेही एक सरकारी कोष्टक आहे. १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्याच्या परिशिष्टात अंगठा पूर्ण गेला तर कमाईची क्षमता ३० टक्के घटली असे धरले होते, तर्जनी पूर्ण गेली तर १४ टक्के. हाताचे शास्त्र जाणणारे हाताच्या एकूण कामाचा सुमारे ४० टक्के वाटा एकट्या अंगठ्याला देतात. आणि ज्याचा धंदाच पटाशी धरण्याचा आहे त्याचे काय? अंगठा गेलेला सुतार वॉचमन होतो, हमाल होतो किंवा गावी परततो. त्या तक्त्याचा आधार तरी मिळावा म्हणून कामाची नोंद हवी आणि नेमकी तीच नसते. बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाच्या नोंदणीत सुतारकामही येते, वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो. तो दाखला देण्याची टाळाटाळ करणारे ठेकेदार बरेच आहेत.

पाते दिसते, भुसा मात्र कुणी मनावर घेत नाही. १९६० च्या दशकात इंग्लंडमधल्या हाय विकम या खुर्च्या बनवणाऱ्या गावात हॅडफील्ड या कान-नाक-घसा शल्यविशारद महिलेच्या ध्यानात आले, की नाकाच्या आतल्या एका अगदी दुर्मीळ कर्करोगाचे रुग्ण तिथे वारंवार येत आहेत आणि ते फर्निचरच्या कारखान्यांतले आहेत. पुढे १९९५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने लाकडाच्या धुळीला निश्चित कर्करोगकारकांच्या गटात घातले. एमडीएफ आणि प्लायच्या गोंदातले फॉर्मल्डिहाइडही त्याच गटात आहे. हा आजार उमटायला काही दशके लागतात, म्हणून त्याचा संबंध कुणी कामाशी जोडत नाही. चाळिशी-पन्नाशीच्या सुताराची एकच नाकपुडी सतत बंद असेल किंवा तिच्यातून वारंवार रक्त येत असेल, तर सर्दीची औषधे देत न बसता नाक आतून तपासून घ्यावे. दमा आणि सागवान-शिसमाने उठणारी खाज हे रोजचे त्रास आहेतच. रुमालाने धूळ अडत नाही, एन-९५ मास्क लागतो. ब्लोअरने भुसा उडवून साफसफाई करणे म्हणजे तो फुप्फुसात भरणे. आवाजाचे थोडक्यात सांगायचे तर गोल करवत १०० डेसिबलच्या आसपास ओरडते आणि ८५ डेसिबल आठ तास ही मर्यादा धरली तर तेवढ्या आवाजात १५ मिनिटे पुरेत.

घरी काम सुरू करणाऱ्या कुटुंबाने पहिल्या दिवशी यंत्र पाहावे. गार्ड आणि पट्टी असलेल्या टेबलाचे भाडे अंदाजपत्रकात वेगळे धरावे आणि रात्री उशिरापर्यंत कापण्याची सक्ती करू नये. लाखो रुपयांच्या किचनमध्ये एवढा खर्च जाणवतही नाही.

एवढे करूनही बोट तुटलेच, तर पहिल्या तासात काय केले यावर पुष्कळ अवलंबून असते. जखमेत हळद, कॉफी, चुना काहीही भरू नये. ते काढताना उरलेल्या नसा खराब होतात. स्वच्छ कापडाने घट्ट दाबून हात वर धरावा. बोटाच्या मुळाशी सुतळी आवळू नये. कातडीच्या पट्टीवर लोंबणारे बोट तोडून वेगळे करू नये. पूर्ण तुटलेले बोट स्वच्छ पाण्याने हलकेच धुऊन, सलाइनमध्ये भिजवून पिळलेल्या गॉजमध्ये गुंडाळावे, प्लास्टिकच्या पिशवीत घालून पिशवीचे तोंड बांधावे आणि ती पिशवी बर्फ घातलेल्या पाण्यात ठेवावी. बर्फ थेट बोटाला लागला तर पेशी मरतात आणि जोडण्यासारखे काही उरत नाही. गार ठेवलेले बोट २४ तासांपर्यंत टिकू शकते, न ठेवलेले त्याच्या निम्मा वेळ. मनगटाच्या वर हात तुटला असेल तर त्यात स्नायू असतात आणि मुदत फार थोडी, गार न ठेवल्यास सहा तासांच्या आतली. जपानमध्ये कोमात्सू आणि तामाई यांनी १९६५ मध्ये पूर्ण तुटलेला अंगठा जोडून दाखवला. आज आपल्या मोठ्या रुग्णालयांत हे काम होते, पण करवतीने फाडलेले बोट चाकूने कापलेल्या बोटापेक्षा जोडायला कठीण असते आणि प्रत्येक वेळी यश येत नाही. म्हणून जवळच्या दवाखान्यात टाके घालत बसण्यापेक्षा, रक्त थांबवून, जिथे सूक्ष्म शस्त्रक्रिया होते तिथे आधी फोन करून निघावे. वाटेत जखमीला चहा-पाणी देऊ नये, भूल द्यायची असते. बोट किती वाजता तुटले ते कागदावर लिहून सोबत द्यावे. शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर तेच आधी विचारतात.