एक्स-रे क्लीअर, तरी जांघ दुखतेय?

माझी एक मैत्रीण झुंबा इन्स्ट्रक्टर आहे. जानेवारीत न्यू इयर रेझोल्यूशनवाल्यांची झुंबड उडाली आणि तिच्या रोजच्या तीन बॅचेसच्या सहा झाल्या. महिनाभरात जांघेत दुखायला लागलं. आधी उड्या मारताना, मग जिना चढताना, नंतर नुसतं उभं राहिलं तरी. ‘स्नायू आखडला असेल’ म्हणत बाम, पेनकिलर आणि पुन्हा बॅच. एक्स-रेसुद्धा नॉर्मल! मग काय, मॅडम परत फ्लोअरवर.

शेवटी एका ऑर्थोपेडिक डॉक्टरांनी एमआरआय करायला लावला. मांडीच्या हाडाच्या मानेला, म्हणजे खुब्याच्या गोळ्याच्या जस्ट खाली, बारीकशी चीर. स्ट्रेस फ्रॅक्चर!

ना पडली, ना धडपडली, मग हाड मोडलं कसं? त्याचं असंय, सतत ताण पडला की हाड आधी खराब झालेला भाग काढून टाकतं, मग नवा भरतं. खोदकाम काही आठवड्यांत उरकतं, भरायला मात्र महिने लागतात. अगदी आपल्या रस्त्यांसारखं! त्यात अचानक लोड दुप्पट झाला की चीर पडलीच.

दुखणं जुनंच आहे. मार्च करून सुजलेल्या सैनिकांच्या पावलांबद्दल ब्राइटहाउप्ट या प्रशियन लष्करी डॉक्टरने १८५५ मध्येच लिहिलं होतं. एक्स-रेचा शोध लागला तो १८९५ मध्ये. मांडीच्या हाडाची ही चीर आजही लष्करातल्या नव्या रिक्रूट्सना आणि लांब पल्ल्याच्या रनर्सना गाठते. ‘डी’ व्हिटॅमिन कमी, डाएटिंगचा अतिरेक, पाळी अनियमित असेल तर धोका आणखी वाढतो.

मैत्रिणीची चीर मानेच्या खालच्या बाजूला आणि छोटी होती, म्हणून कुबड्या आणि सक्तीच्या विश्रांतीवर भागलं. वरच्या बाजूला असती तर बहुधा ऑपरेशन करून स्क्रू. आणि हाड सरकलं असतं तर गोळ्याचा रक्तपुरवठाच तुटायची भीती. म्हणजे ऐन तिशीत खुबा बदलायची वेळ!

तिचे पैसे बॅचवर मिळतात. दोन महिने बॅच नाही, म्हणजे दोन महिने कमाई शून्य. पहिल्याच आठवड्यात थांबली असती तर कदाचित थोडक्यात निभावलं असतं.

तेव्हा बॉस, काम उभ्याचं असो की मॅरेथॉनची तयारी चालू असो, पायावर भार दिला की जांघ दुखते आणि दुखणं रोज वाढतंय? मग थांबा. सुरुवातीला एक्स-रेमध्ये ही चीर बऱ्याचदा दिसतच नाही. डॉक्टरांना स्पष्ट विचारा, ‘एमआरआय करायचा का?’