आकड्यांच्या दप्तराबाहेरचे नायडू

क्रिकेटच्या खेळात फलंदाजाची योग्यता ठरविण्याचे काम आपण अलीकडे सर्वस्वी आकड्यांच्या स्वाधीन करून टाकले आहे. किती चेंडूंत किती धावा, किती डावांत किती षटकार आणि सरासरी काय, एवढे तीन रकाने भरले की निवाडा झाला, असा आजच्या प्रेक्षकाचा आणि, खेदाने म्हणावे लागते, समीक्षकाचाही समज दिसतो. या न्यायाने पाहू गेल्यास कर्नल कोट्टारी कनकय्या नायडू यांच्या खाती जमा काय आहे? 7 कसोटी सामने, 350 धावा, 25 ची सरासरी. शतक एकही नाही. क्रिकेट नियामक मंडळ ज्याच्या नावाने जीवनगौरव पुरस्कार देते तो पुरुष हाच काय, असे एखाद्या तरुण वाचकाने हा उतारा वाचून विचारले, तर त्याला बोल लावता येणार नाही. बोल लावायचा तो त्या दप्तराला; कारण तडाखेबंद फलंदाजाच्या बाबतीत ते किती अपुरी साक्ष देते, हे दाखविणारे याहून समर्पक उदाहरण भारतीय क्रिकेटच्या इतिहासात मला तरी आढळलेले नाही.

31 ऑक्टोबर 1895 रोजी नागपुरात जन्मलेला आणि तेथल्याच मैदानांवर वाढलेला हा उंचापुरा, रुंद खांद्यांचा खेळाडू 1916 साली मुंबईच्या चौरंगी सामन्यांत हिंदू संघाकडून प्रथम उतरला. पुढे दहा वर्षे त्याची कीर्ती या सामन्यांच्या परिघात वाढत राहिली; परंतु ज्या एका डावाने ती परिघाबाहेर गेली, तो 1 डिसेंबर 1926 रोजी बॉम्बे जिमखान्याच्या मैदानावर खेळला गेला. आर्थर गिलिगन यांच्या नेतृत्वाखाली आलेल्या एम.सी.सी. संघाने 363 धावांचा डोंगर रचला होता, आणि त्यात गाय अर्ल यांनी षटकारांची आतषबाजी करून 130 धावा झोडपल्या होत्या. त्याला उत्तर देताना नायडूंनी 116 मिनिटांत 153 धावा काढल्या. त्यांत 13 चौकार आणि 11 षटकार होते. अंगाची यत्किंचित ओढाताण न करता, एक पाऊल पुढे टाकून, बॅट सरळ रेषेत खाली आणून ते गोलंदाजाच्या डोक्यावरून चेंडू उचलून देत, आणि मनगटाच्या लवचिकतेमुळे त्या प्रचंड ताकदीलाही एक प्रकारचे सौष्ठव प्राप्त होई. ज्या जिमखान्याचे सभासदत्व त्या काळी केवळ युरोपियनांसाठी राखून ठेवलेले होते, त्याच जिमखान्याच्या हिरवळीवर एका नागपूरकराने साहेबांच्या संघाची ही गत केली, हे पाहणाऱ्या मुंबईकरांना त्या दिवशी काय वाटले असेल, याची कल्पना कोणालाही करता येईल.

या डावाचे फळ धावफलकावर मावणारे नव्हते. भारतीय क्रिकेट कसोटीच्या दर्जास पोहोचले आहे अशी गिलिगन यांची खात्री या दौऱ्यात पटली, त्यांच्या प्रोत्साहनाने नियामक मंडळाच्या स्थापनेच्या हालचालींना वेग आला, डिसेंबर 1928 मध्ये मंडळ अस्तित्वात आले आणि 25 जून 1932 रोजी लॉर्ड्सच्या मैदानावर भारताचा पहिला कसोटी सामना सुरू झाला. एका डावाने देशाला कसोटीची सनद मिळवून दिली असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. पण त्या सनदेवर जी अनेक शिक्कामोर्तबे झाली त्यांतले पहिले ठळक शिक्कामोर्तब त्या 11 षटकारांचे होते, असे म्हणण्यास प्रत्यवाय नसावा.

त्या इंग्लंड दौऱ्याचे नेतृत्व रिवाजाप्रमाणे संस्थानिकांकडे होते. पोरबंदरचे महाराज कर्णधार आणि लिंबडीचे राजपुत्र उपकर्णधार होते. परंतु दोघांनीही बाजूस होऊन कसोटीची धुरा नायडूंच्या हाती दिली, आणि संघातील काही मंडळींना ते रुचले नाही तरी तोच हुकूम कायम राहिला. क्षेत्ररक्षण करताना हात दुखावलेला असताही नायडूंनी पहिल्या डावात 40 धावा केल्या; त्या डावात भारताच्या बाजूने तीच सर्वांत मोठी धावसंख्या होती. त्या दौऱ्यात त्यांनी प्रथम श्रेणीच्या सामन्यांत 1,618 धावा काढल्या, 65 बळी घेतले आणि 1933 च्या ‘विस्डेन’ने वर्षातील पाच श्रेष्ठ खेळाडूंत त्यांची गणना केली. बर्मिंगहॅमला त्यांनी मारलेला एक षटकार री नदी ओलांडून एका परगण्यातून दुसऱ्यात गेला, असे आजही सांगतात. तेथील मोजणीदाराचा दाखला मागण्याच्या भरीस न पडता ही आख्यायिका आपण तशीच राहू द्यावी.

आता त्या 7 सामन्यांचा जमाखर्च पाहू. 1932 ते 1936 या काळात भारत कसोटी सामने खेळला तेच मुळी 7, आणि नायडू त्या सातांतही होते. पहिल्या कसोटीच्या वेळी त्यांचे वय 36 होते. ज्या वयात बहुतेक फलंदाज निवृत्तीचा अर्ज खिशात घालून हिंडतात, त्या वयात त्यांची कसोटी कारकीर्द सुरू झाली. 1936 साली ओव्हलवर गबी ॲलन यांचा चेंडू अंगावर बसल्यानंतरही त्यांनी 81 धावा केल्या, आणि तीच त्यांची अखेरची कसोटी ठरली. त्यानंतर महायुद्ध आले आणि 1946 पर्यंत भारताला कसोटी लाभली नाही. म्हणजे 25 ची ती सरासरी बव्हंशी पंचांगाने आणि राजकारणाने लिहिलेली आहे. तिचा दोष फलंदाजाच्या माथी मारणे हा अन्याय होय.

दप्तरात ज्याची नोंद सर्वांत अस्पष्ट आहे तो या कारकिर्दीचा भाग मला सर्वांत मोलाचा वाटतो. 1923 साली इंदूरच्या होळकर दरबाराने नायडूंना पाचारण करून आपल्या फौजेत हुद्दा दिला, आणि पुढे त्या संस्थानचा संघ त्यांनी अशा करड्या शिस्तीने घडविला की मुश्ताक अली, चंदू सरवटे, भाऊसाहेब निंबाळकर यांच्यासारखे खेळाडू लाभलेल्या त्या संघाने रणजी करंडक चार वेळा जिंकला. 1945-46 च्या अंतिम सामन्यात बडोद्याविरुद्ध 200 धावा काढणारा फलंदाज पन्नाशीला पोहोचलेला होता. पुढे मुंबईविरुद्धच्या एका सामन्यात दत्तू फडकर यांच्या उसळत्या चेंडूने दात पडले, तेव्हा ते बॅटने बाजूस सारून कर्नलसाहेब पुढच्या चेंडूसाठी उभे राहिले, ही हकीकत त्या पिढीतील मंडळी आदराने सांगत असत. साठी उलटल्यावरही, 1956-57 च्या हंगामात, ते उत्तर प्रदेशाकडून रणजी सामने खेळत होते.

यावर कोणी म्हणेल की हे सारे गतकालाचे गोडवे आहेत. आजचे फलंदाज याहून कमी चेंडूंत याहून अधिक षटकार मारतात. ते खरेच आहे, आणि त्यांचे कौशल्य मी कमी लेखीत नाही. परंतु सीमारेषा आत ओढलेल्या मैदानावर, जाडजूड बॅटीने, वीस षटकांच्या घाईत मारलेला षटकार हा त्या खेळाचा नित्यक्रम असतो. वर शिरस्त्राण नाही, समोर राज्यकर्त्यांचा संघ, आणि आपल्या लोकांना हा खेळ जमणार नाही असे मानणारे जग भोवती, अशा परिस्थितीत मारलेल्या षटकाराला निराळी किंमत असते. फटक्याचे माप त्याच्या लांबीवर न ठरवता त्याने काय घडविले यावर ठरवावे, एवढेच माझे म्हणणे आहे. आणि हा निकष लावल्यास भारताच्या तडाखेबंद फलंदाजांत पहिला मान नायडूंना द्यावा लागेल.

त्यांच्या नावाने तरुणांची राष्ट्रीय स्पर्धा दरवर्षी भरते. त्या स्पर्धेत उतरणाऱ्या मुलांना संघाच्या यादीबरोबर या माणसाच्या चरित्राची चार पानेही हाती द्यावीत, अशी राज्य संघटनांना, आणि विशेषतः त्यांच्या जन्मगावच्या विदर्भ संघटनेला, माझी विनंती आहे.