गावठी जोडी आणि घाटी जोडी

भातकापणी उरकून मळे मोकळे झाले की रत्नागिरी जिल्ह्यात बैलगाडी शर्यतींचे फलक झळकू लागतात. आणि आषाढ-श्रावणात चिखल तयार झाला की चिपळूण, संगमेश्वर, लांजा या बाजूला नांगरणीच्या स्पर्धा भरतात. एक खेळ कोरड्या मैदानाचा, दुसरा गुडघाभर चिखलाचा. दोहोंचा प्रेक्षक मात्र बव्हंशी एकच आहे, आणि त्याच्या खिशातले पैसे व हाताशी असलेला वेळ ही मर्यादित आहेत. म्हणून या दोन खेळांतील चढाओढीचा विचार केवळ करमणुकीचा विषय म्हणून करून भागणार नाही. कोकणातील बैल पुढील पिढीला दिसणार की नाही, हा प्रश्न तिच्यात गुंतलेला आहे.

शर्यतींचा अलीकडचा इतिहास वाचकांना परिचित आहे. 7 मे 2014 रोजी सर्वोच्च न्यायालयाने जलिकट्टूबरोबरच बैलगाडी शर्यतींवरही बंदी घातली. 2017 मध्ये महाराष्ट्राने प्राणी-क्रूरता प्रतिबंधक कायद्यात दुरुस्ती केली. पण त्याच वर्षी उच्च न्यायालयाने शर्यतींना परवानगी देण्यास मनाई केली. अखेर 16 डिसेंबर 2021 रोजी सर्वोच्च न्यायालयाने सशर्त परवानगी दिली आणि 18 मे 2023 रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ही दुरुस्ती वैध ठरवली. सुमारे साडेसात वर्षांची ही बंदी शौकिनांना खरोखरच साडेसाती वाटली असल्यास नवल नाही. मधल्या काळात, 2015 पासून, बैलांच्या कत्तलीवरही बंदी आली. शर्यत नाही, पॉवर टिलर आल्यामुळे नांगराला काम नाही आणि म्हाताऱ्या बैलाला गिऱ्हाईक नाही, अशा तिहेरी पेचात बैल पाळणारा सापडला. 2021 नंतर शर्यतींना जे उधाण आले, त्यामागे ही साठलेली घुसमट होती.

परंतु बंदी उठल्यावर जो खेळ परत आला, तो गेला होता तसाच आला काय? महाराष्ट्रात बैलगाडी शर्यत हा एक खेळ कधीच नव्हता. पुणे जिल्ह्यातील जुन्नर, आंबेगाव, खेड भागात घाटाच्या चढावर चार बैलांचा गाडा सुटतो, पुढे घोडी धावते, आणि निकाल सेकंदाच्या काट्यावर लागतो; ज्याची बारी सर्वांत कमी वेळात, तो घाटाचा राजा. सातारा-सांगलीकडे दोन बैलांचे हलके छकडे एकाच वेळी रांगेत सुटतात आणि गट, उपांत्य, अंतिम अशा फेऱ्या होतात. विदर्भात शंकरपट, अमरावती जिल्ह्यातील तळेगाव दशासरचा पट प्रसिद्ध आहे. अलिबाग-मुरूडकडे ओहोटीच्या ओल्या वाळूवर गाड्या धावतात. प्रत्येक प्रकाराला आपली जमीन, आपला बैल आणि आपला जाणकार प्रेक्षक होता. पुण्याच्या घाटातील दर्दी मनुष्य साताऱ्याच्या मैदानावर उभा राहिला तर त्याला निम्मी गंमत कळणार नाही, आणि यात गैर काहीच नाही.

आता मात्र बक्षिसांच्या आकड्यांनी ही विविधता सपाट होऊ लागली आहे. 2022 च्या मे महिन्यात पिंपरी-चिंचवडच्या चिखलीतील शर्यतीत पहिले बक्षीस जेसीबी यंत्र होते. इतरत्र ट्रॅक्टर आणि मोटारी लागल्या. जमीन उकरणारे यंत्र बैलाच्या पाठीवर मिळवावे, यातील विनोद संयोजकांच्या ध्यानात आला नसावा! जेथे असे बक्षीस, तेथे लाखोंचा बैल. आणि लाखोंचा बैल म्हणजे बहुधा खिलार. सोलापूर, सांगली, साताऱ्याच्या माळावरचा तो उंच, सडपातळ, चपळ प्राणी धावण्यात कोणालाही हार जाणार नाही. पण तो रत्नागिरीच्या लाल चिखलातला नव्हे. कोकणच्या मैदानावर घाटावरून विकत आणलेली जोडी जिंकते, तेव्हा टाळ्या पडतात. मात्र त्या टाळ्यांत ‘आपल्या वाडीचा बैल’ हा अभिमान नसतो. मालकाच्या नावाचा फलक असतो, इतकेच.

नांगरणी स्पर्धेने हा धोका पूर्वीच ओळखला होता असे म्हणावे लागेल. तेथे गावठी आणि घाटी असे दोन स्वतंत्र गट असतात. लहान चणीची गावठी जोडी उंच्यापुऱ्या घाटी जोडीशी झुंजवली जात नाही. ती आपल्यासारख्यांशीच स्पर्धा करते. चिखल उडवीत जोत फिरते, मागे नांगर धरलेला मनुष्य धावतो, घसरतो, सावरतो. येथे बैलाच्या वेगाइतकेच त्या मनुष्याच्या पायांना महत्त्व आहे. वर्षभर स्वतः जोत धरणारा शेतकरीच येथे खेळाडू असतो. पैसे टाकून हे कसब आणता येत नाही. माझ्या मते या स्पर्धेचे खरे आकर्षण येथे आहे, आणि म्हणूनच भर पावसात छत्र्या सावरीत माणसे बांधावर तासन्‌तास उभी राहतात.

तरीही भविष्य कोणाचे, असे विचारले तर उत्तर सोपे नाही. या ठिकाणी अमेरिकेतील एक उदाहरण उद्‌बोधक आहे. तेथे उघड्या चाकांच्या मोटारींच्या शर्यती एके काळी फार लोकप्रिय होत्या. इंडियानापोलिसची पाचशे मैलांची शर्यत ही तर त्या राष्ट्राची जत्राच. 1996 मध्ये या खेळात फूट पडली. नामांकित चालक आणि संघ बव्हंशी एका मालिकेत राहिले. इंडियानापोलिसचे मैदान दुसरीकडे गेले. बारा वर्षे दोन्ही बाजू ‘खरा खेळ आमचा’ म्हणून भांडत राहिल्या आणि 2008 मध्ये एकत्र आल्या. तोवर प्रेक्षक या दोहोंपैकी कोणाकडेच राहिला नव्हता; त्यातील मोठा भाग नॅसकार या बंद चाकांच्या, साध्या मोटारीसारख्या दिसणाऱ्या गाड्यांच्या शर्यतीकडे निघून गेला होता. आपल्याकडेही असा तिसरा वाटेकरी दारात उभा आहेच. दिव्यांच्या उजेडात रात्रभर चालणारे क्रिकेटचे सामने गावोगाव भरत आहेत, आणि त्यांना ना बैल पोसावा लागतो, ना जिल्हाधिकाऱ्यांचा परवाना.

शिवाय पैशाने उभा केलेला खेळ पैशाबरोबरच जातो. ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर 2011 ते 2013 अशी तीनच वर्षे फॉर्म्युला वन शर्यत झाली. हैदराबादेत फॉर्म्युला ई फेब्रुवारी 2023 मध्ये एकदा धावली आणि पुढच्या वर्षीची शर्यत रद्द झाली. तेथे निदान पडून राहिली ती सिमेंटची आणि डांबराची धावपट्टी. बैलांच्या खेळातून पैसा निघून गेला तर मागे राहतात ती जिवंत जनावरे.

आणि कोकणात तीही थोडीच उरली आहेत. कोकण कपिला ही येथील लहान चणीची, काटक, डोंगर-उतारावर आणि मुसळधार पावसात टिकणारी जात. कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोने तिची स्वतंत्र जात म्हणून नोंद केली, ही समाधानाची गोष्ट. पण कागदावर नोंद झाल्याने गोठा भरत नाही. भाताचा मळा टिलरने नांगरला जातो आणि गाडी टेम्पोने ओढली जाते, तेव्हा शेतकऱ्याने खोंड का राखावा? मला तरी खेळ आणि हौस यांखेरीज दुसरे भरवशाचे कारण आज दिसत नाही.

यावर प्राणिप्रेमी म्हणतील की, ज्याच्या रक्षणासाठी त्यालाच पळवायचे, हा कसला न्याय? हा आक्षेप उडवून लावण्यासारखा नाही. चाबूक, टोचणी, विजेचा झटका यांच्या कहाण्या सर्वस्वी कल्पित नव्हत्या. घटनापीठासमोर कायदा तरला, तो यातना कमी करण्याच्या नियमांच्या भरवशावर. धाव 1000 मीटरच्या आत, काठी-चाबकाला मज्जाव, उल्लंघनास पाच लाखांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद, अशी तरतूद आहे. पण पणाला मोटार लागली की नियम मोडण्याचा मोहही त्याच प्रमाणात वाढतो. म्हणजे बक्षिसाला मर्यादा घालणे हे शर्यतीच्या शत्रूंपेक्षा तिच्या मित्रांच्याच हिताचे आहे.

रत्नागिरीच्या संयोजकांनी या बाबतीत नांगरणीचे अनुकरण करावे. बैलगाडीच्या प्रत्येक मैदानात गावठी बैलांचा स्वतंत्र गट ठेवावा, त्याचे बक्षीस घाटी गटाच्या बरोबरीचे असावे, आणि कोणत्या गावाने केव्हा मैदान भरवायचे याचे वेळापत्रक तालुक्यांनी आपसात ठरवावे. अडचण एकच : गावठी कोणाला म्हणायचे? आज हा निवाडा बहुतांशी पंचांच्या नजरेवर आहे आणि तंटे तेथूनच उपजतात. खांद्याची उंची मोजून, लक्षणे पाहून, प्रत्येक बैलाला दाखला देता येईल. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने लक्षणांचा तक्ता द्यावा, जिल्हा परिषदेच्या पशुसंवर्धन विभागाने मोजणी करावी. जिल्ह्यातील गावठी बैलांची गणतीही त्यातूनच हाती येईल. येत्या पावसाळ्यातील नांगरणीपासून हे सुरू करण्यास कोणताही नवा कायदा लागत नाही. बांधावर एक पशुधन अधिकारी, एक मोजपट्टी आणि एक नोंदवही असली की काम भागेल.