तक्रार करायला या, पण जात बाहेर ठेवून या

ऑफिसात वर्षातून एकदा 'पॉश'चं प्रशिक्षण होतं. तासभर स्लाइड्स, शेवटी दहा प्रश्नांची चाचणी, मग मेलवर सर्टिफिकेट. विद्यापीठांत बऱ्याचदा तेवढंही होत नाही, जिन्याजवळ एक फलक लागतो आणि काम झालं. या स्लाइड्समध्ये 'विशाखा मार्गदर्शक तत्त्वं, १९९७' अशी एक ओळ हमखास असते. ही विशाखा कोण, असं मी एकदा विचारलं. प्रशिक्षक बाई म्हणाल्या, "ती पीडित महिला."

विशाखा ही राजस्थानातली संस्था आहे. जिच्यामुळे हा सगळा कायदा उभा राहिला, तिचं नाव भंवरी देवी. भटेरी गावची, कुंभार जातीची, सरकारच्या महिला विकास कार्यक्रमात 'साथिन' म्हणून काम करणारी. १९९२ साली तिने एका गुर्जर कुटुंबातला बालविवाह थांबवण्याचा प्रयत्न केला. हे तिचं काम होतं, सरकारनेच सोपवलेलं. सप्टेंबरमध्ये तिच्या नवऱ्याला मारहाण करून तिच्यावर सामूहिक बलात्कार झाला. नोव्हेंबर १९९५ मध्ये जयपूरच्या सत्र न्यायालयाने बलात्काराच्या आरोपातून सगळ्यांना सोडलं. वरच्या जातीचा पुरुष खालच्या जातीच्या बाईला हात लावून स्वतःला बाटवून घेईल कसा, हा तर्क त्या निकालाला जो चिकटला तो आजतागायत सुटलेला नाही.

महिला संघटना सर्वोच्च न्यायालयात गेल्या आणि १३ ऑगस्ट १९९७ रोजी विशाखा निकाल आला. तो निकाल मुळातून वाचा. त्यात भंवरी देवीचं नाव नाही. राजस्थानातल्या एका खेड्यातली एक समाजसेविका, एवढाच उल्लेख आहे. तिचं प्रकरण वेगळ्या फौजदारी खटल्यात असल्यामुळे इथे अधिक बोलायची गरज नाही, असं म्हणून न्यायालय पुढे जातं. कुंभाराच्या बाईने वरच्या जातीच्या घरातलं लग्न अडवलं म्हणून तिला धडा शिकवला गेला होता. निकालात उरली ती फक्त 'नोकरदार स्त्री'. जात तिथेच गळाली.

"लैंगिक छळात जात कशाला आणता?" असं विचारणाऱ्यांना मी सांगते, आम्ही आणलेली नाही. ती पहिल्या दिवसापासून होती, तुम्ही ती काढलीत.

२०१३च्या कायद्यात तर गंमतच आहे. जिल्ह्याच्या स्थानिक समितीसाठी कलम ७ सांगतं की नेमलेल्या सदस्यांत किमान एक स्त्री अनुसूचित जाती, जमाती, इतर मागासवर्ग किंवा अल्पसंख्याक समाजातली हवी. म्हणजे कायदा करणाऱ्यांना प्रश्न माहीत होता. पण दहा किंवा अधिक माणसं काम करतात त्या प्रत्येक ठिकाणी जी अंतर्गत समिती असते, तिच्यासाठी कलम ४ मध्ये ही अट नाही. असंघटित क्षेत्रातल्या बाईच्या समितीत आमची एक बाई चालते. कंपनीत, बँकेत, विद्यापीठात मात्र गुणवत्ता असते ना!

माझ्या ओळखीची एक संशोधक आहे. विद्यापीठाचं नाव घेत नाही. प्रबंधाचं प्रकरण बघायचं म्हणून गाइड तिला रात्री घरी बोलवायचा. ती टाळत राहिली, तेव्हा म्हणाला, "तुमच्या लोकांत तर हे सगळं मोकळं असतं ना? कोट्यातून आलीस, मग एवढे नखरे कशाला?" तिने हे शब्द तक्रारीत लिहिले. समितीने सांगितलं, पहिलं वाक्य आमच्याकडे चालेल, कोट्याचं एससी-एसटी सेलकडे न्या. सेल म्हणाला, प्रकरण लैंगिक आहे, समितीकडे जा. माणूस एक, त्याच्या तोंडून एका दमात निघालेली ही दोन वाक्यं, आणि पोरीने मात्र स्वतःचे दोन तुकडे करून दोन खिडक्यांवर उभं राहायचं.

प्रशिक्षणातल्या यादीत नको असलेला स्पर्श, शरीरसुखाची मागणी, लैंगिक शेरे, अश्लील चित्रं दाखवणं असं सगळं असतं. यादी बरोबरच आहे. पण त्या माणसाने नेमकी हीच मुलगी का निवडली, ते यादी सांगत नाही. फेलोशिपच्या कागदावर त्याची सही लागते. त्या फेलोशिपमधून गावाकडे धाकट्या भावाची फी जाते. तिच्या मागे फोन करणारा वकील काका नाही. घरी सांगितलं तर आई एकच म्हणेल, "सोड ते सगळं, परत ये." आपल्या मुली गप्प बसतात त्या अब्रूच्या भीतीने, असं सगळे समजतात. माझ्या मते बऱ्याच जणी शिक्षण सुटेल म्हणून गप्प बसतात. हे त्या माणसाला पक्कं ठाऊक असतं.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१५च्या विनियमांत हे बऱ्यापैकी कबूल केलेलं आहे. जात, वर्ग, प्रदेश, अपंगत्व यांमुळे असुरक्षितता वाढते असं त्यात लिहिलंय, पीएचडी करणारे विशेष असुरक्षित आहेत असंही. विभागप्रमुख, डीन, कुलसचिव समितीवर बसू शकत नाहीत. विद्यार्थ्याचं प्रकरण असेल तर निवडून आलेले विद्यार्थी सदस्य लागतात. तुमच्या समितीची यादी मागवा आणि पडताळून बघा. माझा अंदाज असा की बऱ्याच ठिकाणी पहिल्याच नावाला अडखळाल.

काही गोष्टी पाठ असू द्या. शेवटच्या घटनेपासून तीन महिन्यांत लेखी तक्रार द्यायची. कारण नोंदवून समिती आणखी तीन महिने देऊ शकते. चौकशी चालू असताना आरोपीने तुमच्या कामाचं मूल्यमापन करू नये, अशी मागणी करता येते. तडजोड फक्त तुम्ही मागितली तरच, आणि तीही पैशावर नाही. "मिटवून टाक" असं सांगायचा समितीला अधिकार नाही. आरोप सिद्ध झाला नाही म्हणून तक्रार खोटी ठरत नाही. आणि अनुसूचित जाती-जमातीच्या बाईला नको असताना लैंगिक हेतूने स्पर्श करणं, तसे शब्द वा हावभाव करणं हा अॅट्रॉसिटी कायद्याच्या कलम ३(१)(डब्ल्यू) खाली स्वतंत्र गुन्हा आहे. समितीकडे गेलात म्हणून पोलिसांत जायचा रस्ता बंद होत नाही.

आपल्या पोरांनाही एक सांगायचंय. अभ्यासवर्तुळात, संघटनेत, आपल्याच भावाच्या एनजीओत असं घडतं, तेव्हा "चळवळीची बदनामी होईल" हे वाक्य येतं. ते गाइडच्या वाक्याचंच भावंड आहे. दहापेक्षा कमी माणसांच्या संस्थेसाठी जिल्ह्याची स्थानिक समिती आहे, तिचा पत्ता संघटनेच्या भिंतीवर लावा. बाबासाहेबांच्या फोटोशेजारी लावला तरी चालेल.

कलम ४ मध्ये कलम ७ची अट घाला, ही मागणी विद्यार्थी संघटनांनी आणि कर्मचारी युनियननी आता लेखी करायला हवी. तोवर तक्रार लिहिताना तारीख, जागा आणि त्याचे शब्द जसेच्या तसे लिहा, जातीच्या शब्दांसकट. पोच घ्या. जबाबावर सही करण्याआधी तो पूर्ण वाचा. कुणीतरी गोड आवाजात म्हणेल की हा कोट्याचा भाग काढला तर केस सोपी होईल. काढू नका.