सैल सांधा, घट्ट सांधा

दिवाळीच्या किल्ल्यावरचे मातीचे मावळे मोठे बाणेदार असतात. पण एकदा उगारलेली तलवार त्यांना जन्मभर खाली घेता येत नाही. साच्याने जी ऐट दिली तीच अखेरपर्यंत! हल्ली त्यांच्या पंगतीला प्लॅस्टिकचे परदेशी वीरही पहारा करताना दिसतात. बुरूज त्यांच्या गुडघ्याला लागतो, ही गोष्ट वेगळी. गुडघा वाकतो, हे महत्त्वाचे.

या घराण्याचा मूळपुरुष म्हणजे अमेरिकेत १९६४ साली निघालेला 'जी. आय. जो' हा सुमारे बारा इंची शिपाई. त्याचे एकवीस भाग हलत. पुढे १९८२ साली आलेला 'ही-मॅन' दिसायला दांडगा, सांध्यांच्या बाबतीत मात्र गरीब. कोपर वाकतच नसे. त्याची कंबर पिळून सोडली की आतली स्प्रिंग त्याला गर्रकन फिरवी आणि ठोसा बसे. आता खांद्याला उखळीचा सांधा, गुडघ्याला बिजागरीचा, असा सारा शरीरशास्त्राचा थाट आहे. पण खरी करामत सांधा वाकण्यात नाही, वाकून तिथेच थांबण्यात आहे. घर्षण पुरेसे असेल तर वीर एका पायावरही उभा राहतो. खेळून खेळून सांधा झिजला की हात लोंबतो आणि तोच शूर पुरुष महिनाअखेरच्या कारकुनासारखा दिसू लागतो.

कळसूत्री बाहुलीचे शास्त्र नेमके उलटे. कुडाळजवळच्या पिंगुळीचे ठाकर कलावंत हा खेळ पिढ्यान्‌पिढ्या करीत आले; त्यांतल्या परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली. या बाहुलीचा सांधा सैलच हवा. दोरी ओढली की हात वर, सोडली की आपल्याच वजनाने खाली. सांधा घट्ट झाला तर बाहुली दोरीचे ऐकेनाशीच होईल!

आमच्या जिल्ह्यातल्या नेवाशाला शके १२१२ मध्ये, म्हणजे इ. स. १२९० साली, ज्ञानेश्वरी सिद्ध झाली. अठराव्या अध्यायाच्या अखेरीस ज्ञानदेव स्वतःला सायखड्याचे बाहुले म्हणवितात. सूत्र चालवील तसे ते चालते. तसेच गुरू आपल्याला पुढे करून बोलतात, असा भाव. वर्गात हे शिकवताना एका विद्यार्थ्याने विचारले, "सर, बाहुली एकदा उभी केली की तशीच राहते. मग दोरी कशाला?"

प्रश्न अगदी रास्त. त्याने हाताळलेल्या बाहुल्या घट्ट सांध्यांच्या; ज्ञानदेवांचे बाहुले दोरी सुटताक्षणी कोसळणारे. क्षणभरही स्वतःची म्हणून ऐट धरता न येणे, हा त्या दृष्टांताचा प्राण. 'सायखडे म्हणजे बाहुल्यांचा खेळ' एवढ्या टीपेने तो हाती कसा लागावा?

पुढच्या तासाला मी पुठ्ठ्याचे हातपाय दोऱ्याने ओवून एक बाहुले नेले. पोरांनी ते यथेच्छ नाचवले. दोरा सोडताच ते टेबलावर गोळा होऊन पडले. त्या मुलाने ते उचलले, पुन्हा दोनदा सोडून पाहिले, आणि कुणी न सांगता पुस्तक उघडून ती ओवी वाचू लागला.