दगड जळत नाही, ढीग जळतो

दगड जळत नाही. म्हणून कोळशात दगड जितका जास्त, तितकी आगीची भीती कमी, असा समज खाणपट्ट्यात पक्का बसला आहे. चंद्रपूर परिसरात कोळशावरून काढलेल्या माती-दगडाचे, म्हणजे ‘ओबी’चे, डोंगर उभे राहतात, तेव्हा आगीची चिंता उडवून लावायला हाच समज पुढे केला जातो.

त्यात थोडे तथ्य आहे. दगड उष्णता शोषतो. चिकणमाती दाबून बसवली तर हवाही अडवते. पण ढिगात निव्वळ दगड असतो कुठे? कोळशाचा चुरा, काळा शेल (कोळसा मिसळलेला थरांचा खडक), खणण्याच्या लायकीचे नाहीत म्हणून फेकलेले पातळ थर, सगळे त्यात जाते. डंपरने उंचावरून माल ओतला की मोठे दगड घरंगळत पायथ्याला येतात, बारीक माल वर राहतो. पायथ्याच्या फटींतून हवा आत शिरते, तापून वर चढते आणि मागून नवी हवा ओढून घेते. कोळसा त्या हवेतला ऑक्सिजन घेऊन हळूहळू तापतो आणि भोवतालचा दगड ती ऊब बाहेर जाऊ देत नाही. वारा जोराचा असता तर ढीग निवला असता. हवाच नसती तर तापला नसता. घात होतो तो मधल्या, रेंगाळणाऱ्या हवेत. भुयारी खाणीत कोसळलेल्या छताचे दगड आणि मागे राहिलेला कोळसा यांच्यातही हेच घडते.

दुसऱ्या टोकाचा समज असा की सगळा दोष पायराइटचा, म्हणजे कोळशातल्या लोह-गंधकाच्या खनिजाचा. इंग्लंडमध्ये रॉबर्ट प्लॉट यांनी १६८६ मध्येच कोळशाच्या आगीचे कारण पायराइटमध्ये शोधले होते. दमट हवेत पायराइट तापते, फुगते, कोळशाला तडे पाडते, हे खरेच. पण आपल्या गोंडवाना कोळशात गंधक सहसा १ टक्क्याहून कमी असते. इथे सगळा दोष पायराइटवर टाकणे म्हणजे आग निसर्गाने लावली असे म्हणून ढीग रचणाऱ्याला मोकळे सोडणे.

माझे म्हणणे साफ आहे: आग लागेल की नाही हे बरेचसे रचणारा ठरवतो. काळा शेल आणि कोळशाचा चुरा ढिगाच्या कडेला टाकू नये. माल पातळ थरांत पसरून प्रत्येक थर दाबावा, उतार मातीने लिंपावा, आतले तापमान नियमित मोजावे. झारखंडमधल्या झरिया कोळसापट्ट्यात १९१६ मध्ये पहिली आग नोंदली गेली आणि शंभर वर्षांनंतरही तिथली जमीन धगधगत होती. तिथल्या आगी मुख्यतः कोळशाच्या थरांतल्या. पण एकदा धरलेली आग विझवणे किती महाग पडते, ते झरियाने दाखवले आहे. रोलर फिरवायचा खर्च त्यापुढे काहीच नाही, आणि तो खाण चालवणाऱ्यानेच सोसला पाहिजे, शेजारच्या गावाने नव्हे.